बांधावरचे उंदीर

तलासरीजवळच्या आमच्या शेतात उंदीर भाताच्या लोंब्या कुरतडू लागले, म्हणून मी बिळांत विष कालवलेला भरडा घातला. पाड्यावर शेतातले उंदीर भाजून खातात, त्यामुळे आधी घरोघर जाऊन बजावलं. एक घर बंद होतं. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच घरची सून उंदीर घेऊन बांधावर भेटली.

"बाय, आज बीळ खणायलाच नाय लागलं. आळशी कुठले, बाहेरच लोळत होते!"

"अगं, टाक ते! विष घातलंय मी."

तिचं हसू मावळलं. "सासूला एक भाजून ठेवून आलेय."

आम्ही धावलो. म्हातारी भात शिजायची वाट बघत होती; उंदीर ताटलीत तसाच होता. मी तो उचलला, तशी ती चिडली.

"मग भात कशासंगं खाऊ?"