दुसऱ्यांदा वर गेलेला हात

आमच्या आळीतल्या मिक्कॉस परटाइतका सभेचा वेडा माणूस अख्ख्या अथेन्समध्ये नव्हता. सभेच्या दिवशी तो उजाडायच्या आत प्निक्सच्या टेकडीवर जाऊन वक्त्याच्या पायाशी जागा धरायचा. आजोबांच्या काळी चार घराणी ठरवायची आणि आपण माना डोलवायचो. आता परीटही मत द्यायला हात वर करतो, याची त्याला कोण मिजास!

सभेला जायचं टाळून बाजारात रेंगाळणाऱ्यांना शिपाई गेरूत भिजवलेल्या दोरीने टेकडीकडे हाकतात. दोरी लागली की कपड्यावर तांबडा पट्टा, आणि दिवसभर लोकांत हसं. असे पट्टेवाले अंधार पडल्यावर मिक्कॉसकडे कपडा घेऊन यायचे. तो धुवून द्यायचा, पण आधी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारायचा, "काय शेठ, टेकडी फार उंच झाली का?"

एका बहिऱ्या म्हाताऱ्याला तर त्याने भर सभेत सुनावलं होतं, "आजोबा, ऐकू येत नाही तर हात कशाला वर करता? घरी जा." आम्ही फिदीफिदी हसलो होतो. मीही.

मग त्याचेच कान गेले. हळूहळू गेले, आणि कुणाला म्हणून कळू दिलं नाही त्याने. मी चपला शिवतो, सभेत त्याच्या शेजारी बसतो, पण मलाही पत्ता नव्हता. बोललेलं कळलं नाही की तो नुसता हसायचा. मला वाटायचं, वयाने शहाणा झाला.

त्या हिवाळ्यात प्रश्न आला की गलबतं आत्ताच पाठवायची की वसंतापर्यंत थांबायचं. त्याचा एकुलता मुलगा हेगियास वल्हेकरी. आदल्या दिवशी मिक्कॉस माझ्या दुकानासमोरच त्याला म्हणाला होता, "या थंडीत तुला समुद्रात लोटायला माझा हात वर जाणार नाही. घाबरू नकोस."

सभेत पुकारा झाला, "आत्ताच पाठवायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा." मिक्कॉसने हात मांडीवर दाबून ठेवला. पण हातांचा अंदाज लागेना, म्हणून पुकारणाऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मिक्कॉसचा हात सगळ्यांच्या आधी वर. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास! पोटचा पोरगा असून?" तो हसला. मी गाढव, संध्याकाळपर्यंत आळीभर त्याची तारीफ करत फिरलो.

गलबतं निघायची ठरली. हेगियासने वल्हवताना बुडाखाली घ्यायची गादी उचलली आणि बापाकडे न बघता बंदराची वाट धरली. मिक्कॉस दारात उभा होता. तोवर त्याला झाली चूक कळली होती. तोंड उघडलं, पण बहिरा आहे म्हणायची लाज पोरापेक्षा मोठी ठरली. एवढंच म्हणाला, "शहरासाठी केलं रे."

त्यानंतर तो टेकडी चढला नाही. मला म्हणायचा, गुडघे दुखतात.

गलबतं परतली ती निम्मी. लगेच सभा बोलावली. मिक्कॉस बाजारात कांद्यांच्या टोपल्यांमागे उभा. शिपाई मागून ओरडत आले. आम्ही सगळे बाजूला पळालो, तो ढिम्म. दोरी त्याच्या पाठीवर फिरली आणि बाजार खदखदून हसला. त्याने धुतलेले कपडे घालून लोक हसत होते.

नेमका हेगियास बंदरावरून आला होता. गाल आत गेलेले, ओठ फाटलेले. त्याने तो पट्टा बघितला.

"वा, बाबा! आम्हाला बुडवायला हात वर गेला. आता मेलेल्यांची नावं ऐकायला पाय वर जात नाहीत होय?"

"काय?"

"सोंग नका आणू! माझ्या बाकावरचे दोघं बुडाले."

मिक्कॉस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने बोलला. बाजारभर गेलं ते.

"मला ऐकू येत नाही रे! त्या दिवशीही नाही आलं. दुसऱ्यांदा हात मागितले, तेव्हा वाटलं, नको म्हणणाऱ्यांची पाळी आली. तुझ्यासाठीच वर केला होता मी हात."

कुणी हसलं नाही. पाठीवर थाप मारलेला माझा हात मला कुठे ठेवावा कळेना. शिपायांनीही दोरी खाली सोडली.

हेगियासची मान खाली गेली. अगदी हळू म्हणाला, "चुकलो मी, बाबा."

मी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. मिक्कॉस कानामागे हात धरून पुढे वाकला. "काय म्हणालास?"

पोराने मान वर केली. कांदेवाले, शिपाई, मी, सगळे त्याच्याकडे बघत होतो. तेच पुन्हा ओरडून म्हणायची त्याला लाज वाटली.

"काही नाही," तो म्हणाला.

तेवढं मात्र मिक्कॉसला ओठांवरून कळलं.