लिनक्सवरचं आमचं गाव

रविवारी सकाळी दहापासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. इथं केरळात त्रिशूरला मी एका गलाईच्या दुकानात कामाला आहे. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. रविवारी दुकान बंद. मी वरच्या खोलीत लॅपटॉप चालू करतो, तो जागा होईपर्यंत फेऱ्या मारतो, वायर हलवून बघतो, नेट आहे का बघतो. अकराला तिकडं म्हसवडला माझा पोरगा माझ्या थोरल्या भावाच्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि आम्ही दोघं मिळून एक गेम खेळतो. मधे सहा आठवडे हे बंद पडलं होतं. त्या सहा आठवड्यांत माझं काय झालं, ते सांगतो.

पोरगा फोनवर बोलत नाही.

"जेवलास का?"

"व्हय."

"शाळा?"

"बरी हाय. आईकडं देऊ?"

झालं. पण फोन बाजूला चालू ठेवून गेममध्ये हात कामात गुंतले की तो बोलतो. मास्तर काय म्हणाले, शेजारच्या म्हशीनं कुणाला ढुशी मारली, सगळं. गेम गाव वसवायचा आहे. गावी सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा घरीच आम्ही तो सुरू केला. चार घरं, एक विहीर, आणि आमच्या माणगंगेसारखी एक नदी. ते गाव राहतं माझ्या लॅपटॉपमध्ये. मी उघडलं तरच त्याला आत येता येतं.

लॅपटॉप जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. विंडोज त्याला पेलवत नव्हतं म्हणून दुरुस्तीवाल्यानं त्याजागी लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टिम घालून दिली. गेम मात्र विंडोजसाठी बनवलेला. मग त्यानं मधे एक प्रोग्राम बसवला. गेम विंडोजकडं जे मागतो, ते हा प्रोग्राम लिनक्सकडून करून आणून देतो. त्यासाठी एका फोल्डरात विंडोजचं खोटं घर मांडून ठेवतो, आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. माझ्याबरोबर काम करणारा आटपाडीचा गडी हे ऐकून म्हणाला, "म्हंजे तुझ्यासारकंच की रं. इतकी वर्सं झाली, मल्याळम येत न्हाई, पर गिऱ्हाईकाला वाटतंय तुला समदं कळतंय."

एका रविवारी कसलंसं अपडेट आलं आणि गेम लावला तर नुसती काळी खिडकी. मागं गाणं वाजतंय, दिसत काहीच नाही.

"पप्पा, मला आत घेत न्हाई."

"थांब, बघतो."

बघत राहिलो ते आठवड्यामागून आठवडे. कुणी सांगितलं ही फाइल घाल, घातली. कुणी सांगितलं जुनी आवृत्ती बसव, तीही त्याच फोल्डरात बसवली. काम करताना ध्यान लागेना. चौथ्या रविवारी पोरगा म्हणाला, "मग मी दादासंगं नवीन गाव चालू करू का?" दादा म्हणजे माझा पुतण्या. "कर की," म्हणालो. फोन ठेवला आणि ताटावरून उठलो. एकदा तिथं रमला की माझ्याशी पुन्हा 'व्हय' आणि 'बरी हाय' एवढंच, हे मला दिसत होतं.

शेवटी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर विचारलं. नववीत शाळा सोडलेली, इंग्रजी जेमतेम. मराठीत लिहिलं आणि फोनकडून इंग्रजी करून घेतलं. कुठल्या देशातला कोण माणूस, त्यानं तासाभरात उत्तर दिलं: तुमच्या त्या फोल्डरात फार गाळ साचलाय, सगळा काढून टाका, नवा बनवा.

तेच माझ्याच्यानं होईना. आमच्या धंद्यात कुणी काही टाकत नाही. दुकानाचा केरसुद्धा पोत्यात भरून ठेवायचा, हात धुतलेलं पाणी पिंपात साठवायचं, कारण त्यात सोन्याचा कण असतो. पहिल्या दिवशी मी केर बाहेर टाकायला निघालो होतो, तेव्हा शेठनं दारात धरलं होतं. तीच सवय लॅपटॉपला लावून मी दर फसलेला प्रयत्न जपून ठेवला होता, आणि नव्याला जुनाच अडवत होता.

तरी भीती होतीच. मी परत लिहिलं, आत माझ्या मुलाचं गाव आहे. त्या माणसानं चित्र काढून पाठवलं, बाण दाखवून. गाव या एवढ्याशा फोल्डरात आहे, हे बाहेर काढा, बाकीचं जाऊ द्या. नाव ना गाव, माझ्यापायी त्यानं रविवारची सकाळ घातली. मी तीनदा आभार मानले. तो म्हणाला, एकदा पुरे.

गाव पेनड्राइव्हवर घेतलं. भरवसा वाटेना म्हणून फोनवरही घेतलं. मग बाकीचं पुसलं, प्रोग्रामला नवं घर मांडायला लावलं आणि गाव त्यात नेऊन ठेवलं. गेम लावला. विहीर दिसली. मी घरी फोन केला.

"आवं, जेवतोय त्यो," बायको म्हणाली.

"जेवू दे. मग लगेच धाड."

तो आला. नदीवर पूल बांधायला लागला. मी दगड आणून देत होतो.

"दादासंगं जमलं न्हाई का?" मी विचारलं.

"त्यो सारकी भांडणं काढतोय." त्यानं पुलाला आणखी एक दगड लावला. मग म्हणाला, "पप्पा, मला गणितात मार्क लय कमी पडल्यात. आईला म्हाईत न्हाई. शाळा सोडून तुमच्याकडं कामाला येऊ का?"

माझे हात थांबले. त्याच्या पडद्यावर मी पाण्यात उभाच्या उभा.

"पप्पा? परत अडकला का वो गेम?"

"न्हाई, चालूच हाय," मी म्हणालो. "कंचं गणित आडलंय, ते सांग. मला येणार न्हाई, पर येणारं माणूस हुडकून देतो."

"वही आणू?"

"आण."

त्याचा माणूस पुलावर तसाच उभा राहिला आणि तो वही आणायला गेला. मी खुर्ची सोडली नाही.