वहिनी जिन्यावर बसली तो दिवस

माझी वहिनी भित्री आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. कुलूप लावून निघाली की अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन ते ओढून बघायची. गॅस बंद केलाय ना, हे विचारायला ऑफिसातून फोन करायची. वीज चमकली की आधी टीव्हीची पिन काढायची, मग खिडक्या लावायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला सगळ्यांसमोर भित्री भागूबाई म्हणायचा आणि तीही हसायची. अशा बाईच्या हातात सबंध देशाची मदत कुठे जाणार हे ठरवायचं काम आलं, तेव्हा हसावं की रडावं हे आम्हाला कळेना.

ती सरकारच्या आपत्ती खात्यात अधिकारी. पूर, वादळ, भूकंप काही झालं की तंबू, पाणी, होड्या कुठे पाठवायच्या ते बघणारं खातं. एरवी तिथे निवांत असायचं. मग साथ आली. आधी दूरदेशीच्या बातम्या, मग बंदरावरचा एक खलाशी, मग त्याला तपासणारी नर्स, आणि मग कोणापासून कोणाला झालं हे सांगणंच बंद झालं. सरकारने ठरवलं की आरोग्य, वाहतूक, पोलीस, सैन्य आणि मदत करणाऱ्या सगळ्या संस्थांनी एका खोलीत बसायचं आणि तिथूनच सगळं हलवायचं. प्रमुख होते वहिनीचे साहेब. काम नीट सुरू व्हायच्या आतच ते खोकत घरी गेले, आणि मग ते गेल्याचाच फोन आला. त्यांच्या खालचं नाव वहिनीचं होतं.

हवामान खात्याच्या जुन्या इमारतीतला तो लांबट हॉल. हवा खेळती राहावी म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे कागद उडायचे. कुणी त्यावर पेला ठेवायचं, कुणी स्टेपलर, कुणी मनगटावरचं घड्याळ. टेबलाच्या टोकाला साहेबांची खुर्ची तशीच होती. तिच्यावर बसायला कुणी धजेना. वहिनीने व्हरांड्यातून दुसरी खुर्ची ओढत आणली आणि ती खिडकीपाशी टाकली. बैठकीत कुणी खोकलं की बोलणारा मधेच थांबायचा. खोकणारा बिचारा ओशाळून म्हणायचा, ठसका लागला हो, बाकी काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला.

सुरुवातीला नुसता गोंधळ होता. एका गावाला सरकारने मास्क पाठवले, तिथेच सैन्याने पाठवले, तिथेच एका संस्थेने पाठवले. आणि शेजारच्या गावात नर्सा साड्या फाडून तोंडाला बांधत होत्या. वहिनीने नियम केला: कुठे जाणार हे या खोलीत मोठ्याने सांगितल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही. ऑक्सिजनचा नियमही तिचाच. ज्या दवाखान्याचा साठा आधी संपणार, त्याला आधी. फोन कुणाचा आला हे विचारायचंच नाही. यावरून मोठमोठे लोक तिच्यावर उखडले. एका मंत्र्यांनी तर, तुम्ही स्वतःला कोण समजता, असं विचारलं. फोन ठेवल्यावर तो नीट ठेवलाय ना, हे तिने दोनदा उचलून बघितलं. हे तिने मला सांगितलं तेव्हाही ती पदराशी चाळा करत होती.

त्या खोलीत तिला धीर होता तो तंबूकाकांचा. हे एका मदत संस्थेचे जुने कार्यकर्ते. आयुष्यभर पूरग्रस्तांसाठी तंबू ठोकले, म्हणून हे नाव. देह अगडबंब, आवाज भरड, आणि बसले की खुर्ची कुरकुरायची. वहिनी प्रत्येक निर्णयानंतर विचारायची, "आणि हे नाहीच झालं तर?" बाकीचे वैतागायचे. तंबूकाका म्हणायचे, "विचारू द्या हो. आपण सगळेच घाबरलोय, त्या निदान बोलून दाखवतात."

मग गाड्या बंद करायचा हुकूम निघाला. वहिनीने दोन दिवसांची मुदत मागितली होती, लोकांना घरी पोचू द्या म्हणाली होती. वरून नकार आला. व्हायचं तेच झालं. परगावी कामाला गेलेली माणसं, बाया, पोरं, गाठोडी घेऊन रस्त्याला लागली आणि प्रांतांच्या हद्दीवर अडकून पडली. शाळा उघडून त्यांची सोय केली, पण एकेका वर्गात इतकी माणसं कोंबलेली, की साथीला आणखी काय हवं होतं? शेवटी सरकारने मान्य केलं की बस सोडून या लोकांना घरी पोचवायचं. त्या हुकमाचा मसुदा वहिनीनेच केला.

आणि माझा दादा बस डेपोचा मॅनेजर.

ड्रायव्हर तयार होईनात. त्यांची तरी काय चूक? बसभर खोकणारी माणसं घेऊन दिवसभर गाडी चालवायची, घरी बायकापोरं. दादाने कुणावर जबरदस्ती केली नाही. त्याचा ड्रायव्हरचा परवाना अजून चालू होता. त्याने किल्ली घेतली आणि पहिली बस स्वतः काढली. मग दोघेतिघे तयार झाले, मग आणखी काही. घरी त्याने सांगितलं नाही. वहिनीला हे कळलं ते बैठकीत. वाहतूक खात्याचे अधिकारी वाचून दाखवत होते, अमुक डेपोतून पहिली गाडी सुटली, चालक मिळत नसल्याने मॅनेजर स्वतः चालवत आहेत. वहिनीने मान खाली घातली आणि ती म्हणाली, "पुढचं सांगा."

दादा दहाबारा खेपा करून आला. खेप संपली की डेपोतच झोपायचा, घरी यायचा नाही. आम्ही फाटकाबाहेरून त्याच्याशी बोलायचो. तो थट्टा करायचा, म्हणायचा, आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशांनी सुटे पैसे मागितले नाहीत. शेवटच्या खेपेला मात्र तो परतलाच नाही. रेल्वे जंक्शनच्या गावात बस लावली आणि स्टीअरिंगवरच त्याचं डोकं टेकलं. तिथल्याच दवाखान्यात त्याला ठेवलं. तिथे जायला कुणालाच परवानगी नव्हती. फोनवर त्याचा श्वास ऐकू यायचा, शब्द नाही. माझी पुतणी, तिला आम्ही ठकी म्हणतो, कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती दिवसभर तो फोन कानाला लावून बसायची. मी वरच्या मजल्यावर राहतो. मला खालून तिचा आवाज यायचा, "बाबा, मी आहे हं. बोलू नका. मी आहे."

वहिनी मात्र रोज कामाला जायची. सोसायटीतल्या लोकांनी तिला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा जिना उतरून. मी एकदा तिला म्हटलं, वहिनी, आता रजा घे. ती म्हणाली, "घरी बसले तर मी भीतीने मरेन रे. तिथे निदान दुसऱ्यांच्या भीतीचं काहीतरी करता येतं."

मग तो दिवस उजाडला. सकाळच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की ऑक्सिजनचा एकच टँकर भरून तयार आहे, दुसरा कारखान्यातून निघायला वेळ लागेल. आणि दोन दवाखाने अडचणीत आहेत. एक समुद्रकाठचा, एक जंक्शनचा. दोघांचाही साठा संध्याकाळपर्यंतच. पण समुद्रकाठच्या दवाखान्याचे आकडे सकाळचे होते आणि जंक्शनचे आदल्या दिवशीचे. खरं कोणाचं आधी संपणार हे नियम लावूनही कळत नव्हतं. कुणीतरी ठरवायला हवं होतं. सगळ्यांनी खिडकीकडे, वहिनीकडे पाहिलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी तिने मला सांगितलं, की त्या क्षणी तिच्या मनात कारणं आपोआप जुळायला लागली. जंक्शनचा रस्ता चांगला आहे. तिथे टँकर लवकर पोचेल. तिथले आकडे जुने आहेत म्हणजे परिस्थिती आणखी वाईट असणार. एकापेक्षा एक पटणारी कारणं. आणि ती इतकी भराभर येताहेत हे बघूनच ती घाबरली.

ती उठली. "जंक्शनच्या दवाखान्यात माझा नवरा आहे," ती म्हणाली. "मी यात बोलणार नाही. मी बाहेर बसते. तुम्ही ठरवा आणि टँकर सोडा. मला विचारायला येऊ नका."

तंबूकाका म्हणाले, बसा हो, तुम्हाला कोण नावं ठेवणार आहे? वहिनी बाहेर गेली आणि दगडी जिन्यावर बसली. दार जड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. खाली फाटकापाशी पहारेकरी झाडाखाली उभा होता. तिला दोन गोष्टींची भीती वाटत होती, आणि दोन्ही सारख्याच. एक, की आतले लोक तिच्याकडे बघून टँकर जंक्शनला पाठवतील आणि समुद्रकाठी माणसं मरतील. दुसरी, की पाठवणार नाहीत.

टँकर समुद्रकाठी गेला.

हे तिला डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. वहिनीने मान डोलावली. डॉक्टरबाईंनी तिला हाताला धरून उभं केलं. त्या काळात कुणी कुणाला हात लावत नव्हतं. मग दोघी आत गेल्या आणि पुढच्या विषयाला लागल्या.

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. ठकी दारातच उभी होती. जंक्शनच्या नर्सने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, की टँकर दुसरीकडे गेला. मी जिन्यात होतो, मला तिथून हलता आलं नाही.

"तुझ्या हातात होतं," ठकी म्हणाली.

"होतं."

"आणि तू उठून बाहेर गेलीस."

वहिनी चपला काढू लागली.

"एवढी घाबरलीस? लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोकांना नाही गं," वहिनी म्हणाली. "मला." पण ठकी आत गेली होती आणि दार बंद झालं होतं.

ती संध्याकाळ मला आयुष्यात परत नको. फोन वाजला की तिघांचं काळीज लक्कन हलायचं, आणि फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा. अंधार पडता पडता जंक्शनहून नर्सचा फोन आला. एका व्हॅनमधून सिलिंडर आले होते. तंबूकाकांच्या संस्थेने हद्दीवरच्या छावण्यांसाठी ठेवलेले, लहान लहान. काकांनी बैठक संपल्याबरोबर छावणीछावणीला फोन करून ते गोळा केले, त्यांची सोय दुसरीकडून लावली, आणि सगळे जंक्शनला धाडले. दुसरा टँकर येईपर्यंत त्यांच्यावर निभावलं. सगळ्यांचं नाही. मधल्या वेळात ऑक्सिजनचा दाब कमी झाला तेव्हा दादाच्या वॉर्डात काही माणसं गेली. शेजारच्या खाटेवरचा भाजीवाला गेला. दादाने बसमधून गावी पोचवलेल्यांपैकीच तो होता, खिडकीजवळची जागा मागून घेतलेला.

दादा वाचला. घरी आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता आणि दोन पायऱ्या चढून बसायचा. डेपोत ज्यांनी त्याच्यामागून बस काढल्या त्यांतला एक ड्रायव्हर वाचला नाही. साथ ओसरल्यावर वहिनी आणि दादा त्याच्या घरी गेले. त्याची बायको त्यांच्याशी नीट बोलली, चहा दिला, आणि निघताना म्हणाली, परत येऊ नका. ते परत गेले नाहीत.

वहिनीने तंबूकाकांना नंतर विचारलं, की माझा नवरा तिथे नसता तर तुम्ही ते सिलिंडर पाठवले असते का? काका म्हणाले, अर्थात. मग जरा थांबून म्हणाले, इतक्या लवकर सुचलं असतं की नाही, ते काही मला सांगता येणार नाही. ही गोष्ट वहिनीला अजून टोचते. सरकारने साथीनंतर नेमलेल्या चौकशी समितीने तिला बोलावलं तेव्हा तिने हे आपणहून सांगितलं. समितीने त्यावर काही विचारलं नाही.

ठकी कित्येक महिने आईशी कामापुरतं बोलायची. घरात तीन माणसं आणि बोलणं सगळं दादाच्या मार्फत. एकदा तिने दादालाच विचारलं, बाबा, तुम्ही सांगा, आईने बरोबर केलं का? मला वाटलं आता दादा बायकोची बाजू घेईल, चार मोठे शब्द बोलेल. त्याला धाप लागली होती. तो म्हणाला, "मला नको विचारूस. मला तेव्हा फक्त हवा पाहिजे होती. कुणी कुठून आणून दिली असती तरी मी घेतली असती. शेजारच्याच्या तोंडावरची काढून दिली असती तरी." वहिनी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले आणि परत सुरू झाले.

वहिनी अजून त्याच खात्यात आहे. पुढच्या साथीची तयारी म्हणून ते आता दरवर्षी नकली बैठक घेतात, खोट्या आकड्यांची. तिला तीसुद्धा सहन होत नाही. आदल्या दिवशी जेवण जात नाही. यंदा ती बैठक करून आली आणि पायातल्या चपला न काढताच सोफ्यावर बसली. मी दादाकडे आलो होतो. ठकी आता नोकरीला लागली आहे, तीही नुकतीच आली होती. तिने बराच वेळ आईकडे पाहिलं आणि विचारलं, "तेव्हा तू जिन्यावर बसलीस, ती किती वेळ बसलीस गं?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली.

"काय करत होतीस?"

"घाबरत होते. दुसरं काय करणार?"

ठकीने खाली बसून तिच्या पायातल्या चपला काढल्या आणि त्या दाराशी नेऊन ठेवल्या. मग येऊन तिच्याशेजारी बसली. दादाने टीव्हीचा आवाज बारीक केला.