ताशी दीड आजोबा

जुन्या सिनेरिळांचा डबा उघडला की धूळ निघते थोडी आणि किस्से निघतात फार. धूळ पुसता येते. किस्से मात्र आमच्या शेडमध्ये साचत चालले आहेत, आणि चहाला कोणी आलं की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

शेड लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. मी आयटीआयमधून रिटायर झालेला टर्नर, बबनभाऊ टुरिंग टॉकीजचे जुने ऑपरेटर आणि सुमनवहिनी त्यांच्या मिसेस. लोक घरातली जुनी आठ एमएमची रिळं आणतात. वहिनी ती मखमलीच्या ब्लाउजपीसनं पुसतात, सायकलच्या चाकावर गुंडाळून वाळवतात. मग आमचं घरगुती मशीन एकेक चित्र कॅमेऱ्यासमोर सरकवतं आणि कॉम्प्युटर ती चित्रं जोडून सिनेमा करतो. मशीनची मोटर शिलाई मशीनची आहे.

शेजारी दालमिल. तिचे मालक पहिल्याच दिवशी आले, मशीनभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "ताशी किती क्विंटल काढते हे?"

बबनभाऊंनी मान वर न करता सांगितलं, "ताशी दीड आजोबा!"

"सुरुवातीले ठीक हाय," म्हणत मालक गेले.

*

एक गृहस्थ मोठ्या उत्साहानं लग्नाचं रीळ घेऊन आले. म्हणाले, "घरीच धुऊन आणलं जी. तुम्हाले कायले तरास!"

सोड्याच्या पाण्यात भिजवून, ब्रशनं घासून, दोरीवर चिमटे लावून वाळवलेलं रीळ! वहिनींनी ते उजेडाकडे धरलं. आरपार समोरची खिडकी दिसत होती.

"निघालं ना साफ?"

"हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "नवरा-नवरीसकट!"

*

आता माझी चूकही सांगतो, नाहीतर बबनभाऊ सांगतील. एकदा मी रीळ उलट्या बाजूनं लावलं. चित्र झकास आलं, फक्त डावं-उजवं बदललं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. बघायला रीळवाल्यांचं अख्खं घर जमलं होतं. सगळ्यांचे डोळे भरून आलेले. तेवढ्यात कोपऱ्यातली आजी कडाडली, "हे सारे सोयरे डाव्या हातानं काहून जेवून राह्यले?"

बबनभाऊ प्रसंगावधानी माणूस. "आजी, उजव्या हाताले मेंदी लावलेली असन."

आजीनं स्क्रीनकडे नीट पाहिलं. "मिशीवाल्यायनं बी?"

*

ही रिळं मुकी असतात, हे लोकांना पटता पटत नाही. एक रिटायर मास्तर स्वतःच्या लग्नाची फिल्म बघायला सपत्नीक आले. पाच मिनिटांत कुरकुर सुरू. "आवाज वाढवा ना जी!"

आवाज नसतोच, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. लग्न झाल्यापासून पयल्यांदा गप बसलेले दिसून राह्यले!"

*

आणि मग जमनाबाई आल्या. घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरच्या, सत्तरी ओलांडलेल्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि 'येते'ला आवूचू.

"माह्या याडीचा एकबी फोटो नाही," त्या म्हणाल्या. "आता तं सपनात बी तोंड दिसत नाही."

त्यांच्या लहानपणी तांड्यावर एक डॉक्टर यायचे. त्यांना शूटिंगची हौस होती. जमनाबाईंनी डॉक्टरांच्या मुलीला गाठून जुनं रीळ मिळवलं होतं. डबा उघडला तर व्हिनेगारचा भपकारा! म्हणजे रीळ सडायला लागलेलं. आक्रसलंही होतं, त्यामुळे त्याची भोकं मशीनच्या दातांत बसेनात. आठ दिवस मी दात कानशीनं घासत होतो. रीळ मशीनमधून एकदाच जाईल, तुटलं तर संपलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी तर मनातून पार घाबरलो होतो. वहिनींनी ते हातानं इंच इंच पुढे दिलं.

आलं! सगळं मिळून अर्धं मिनिट. विहिरीवर एक बाई. डोक्यावर घागर, हातभर बांगड्या. ती थेट कॅमेऱ्याकडे बघून रागानं काहीतरी म्हणते. तीनदा. आवाज अर्थातच नाही.

जमनाबाई बघायला यायच्या आधी आमचा यावर वाद झाला. बबनभाऊंचं मत, "डॉक्टरले शिव्या देऊन राह्यली." वहिनी म्हणाल्या, "नाही जी. फोटो नको काढू म्हणते."

जमनाबाई आल्या. बघताना आधी त्यांचा हात तोंडावर गेला. मग त्यांचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलायला लागले.

"मले हाक मारून राह्यली," त्या म्हणाल्या. "माह्या बकऱ्या पऱ्हाटीच्या वावरात घुसल्या होत्या. अन् मी कॅमेऱ्याच्या मांगं उभी, ते यंत्र पाह्यत."

"मंग?" वहिनींनी विचारलं.

"मंग काय? म्या ओच देल्ली नाही."

बबनभाऊंनी कॉम्प्युटरवर पुन्हा पहिल्यापासून लावलं. विहीर आली, घागर आली. बाईनं कॅमेऱ्याकडे पाहिलं.

जमनाबाई खुर्चीतून उठल्या. डोक्यावरचा पदर सावरला आणि दालमिलपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"आवूचू, याडी! आवूचू!"