धाकटीच्या हातातले एक्के

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगवर असताना जेवणाच्या सुट्टीत तो पोकर शिकला. पुढे कारखाना बंद पडला. बाकीचे नोकऱ्या शोधत हिंडू लागले आणि हा टायरच्या दुकानावरच्या, पैसे लावून पत्ते खेळायच्या कार्डरूममध्ये जाऊन बसला, तो कायमचाच. तिथं त्याला सगळे 'दगड' म्हणायचे. पत्ते कसेही येवोत, त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

बायको दवाखान्यात नर्स होती. नवरा काय करतो असं कुणी विचारलं की सुरुवातीला ती विषय बदलायची. पण जुगाऱ्याची एकही खोड त्याच्यात नव्हती. दुपारी डबा घेऊन निघायचा, दारूला शिवायचा नाही, पत्ते वाईट आले की मुकाट्यानं टाकून द्यायचा. कंटाळा सहन करायचाच आपल्याला पगार मिळतो, असं तो म्हणायचा. घर त्यावर नीट चाललं होतं. नवशिके त्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याचा खेळ बघायचे. तो त्यांच्याकडे लक्ष नसल्यासारखं दाखवायचा, पण मागे कोणी नसलं की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्याची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात काउंटरला होती. नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा सुट्टीच्या दिवशी भावाकडे येऊन नुसती बसून राहायची. तिचं मन रमावं म्हणून त्यानंच तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोकर शिकवला. समोरच्याच्या हातात काय असेल, हे त्याच्या आधीच्या चालींवरून कसं ताडायचं, हे तो रंगात येऊन सांगायचा. वहिनी भाजी चिरता चिरता म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याशी कधी एवढं बोलला नाहीत.

धाकटीनं सगळं टिपकागदासारखं शोषून घेतलं. मग ती कार्डरूममध्ये येऊ लागली, जिंकू लागली. जे तो घासून घासून शिकला होता, ते तिला हसत-खेळत जमायचं. टेबलावर ती गप्पा मारायची, लोकांच्या गुडघेदुखीवर गोळ्या सुचवायची आणि बोलता बोलता त्यांचे पैशांचे चिप्स आपल्याकडे ओढून घ्यायची. हळूहळू त्याच्या खुर्चीमागची माणसं तिच्या मागे जाऊन उभी राहिली. एके दिवशी एका नवख्यानं त्याला आदरानं विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

तो 'हो' म्हणाला. त्या दिवशी डबा तसाच परत आला.

त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत दोघंही शेवटच्या टेबलावर पोचले. हॉलमध्ये कॅमेरे होते. वहिनी रजा काढून बघायला आली होती. एका डावात त्याला राण्यांची जोडी आली. चांगले पत्ते. त्यानं बोली वाढवली, धाकटीनं त्यावर आणखी वाढवली, बाकीच्यांनी पत्ते टाकले. त्यानं तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ शेजारच्याशी चाललेली तिची बडबड थांबली होती. तिच्याकडे आपल्यापेक्षा मोठी जोडी आहे, हे त्याला लख्ख कळलं. दुसरं कुणी असतं तर त्यानं पत्ते केव्हाच टाकले असते.

धाकटी हळूच म्हणाली, "दादा, टाकून दे."

पत्ते वाटणाऱ्या डीलरनं तिला तिथल्या तिथे ताकीद दिली. चालू डावात असं बोलायला बंदी होती, पुन्हा बोललात तर खेळाबाहेर बसवीन, असं तो म्हणाला. तिनं मान खाली घातली. आणि त्यानं समोरचे सगळे चिप्स पुढे ढकलले.

तिच्याकडे दोन एक्के होते. टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत तिसरी राणी काही आली नाही. तो उठला, सगळ्यांशी हात मिळवून बाहेर पडला. स्पर्धा धाकटीनं जिंकली.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"म्हणून तर," तो म्हणाला.

त्यानंतर बरेच महिने त्यानं बहिणीचा फोन उचलला नाही. तिनं दुकानातली नोकरी सोडली, गावोगावच्या स्पर्धा खेळू लागली. तो कार्डरूममध्ये नेमानं जात होता, घर चालवत होता. तिचा सामना दाखवत असले की मात्र टीव्हीसमोरून हलायचा नाही. इथं चुकली, तिथं घाई केली, असं बायकोला ऐकवत राहायचा. ज्या दिवशी एकही चूक सापडायची नाही, त्या दिवशी जेवणात मीठ जास्त पडलेलं असायचं.

एका मोठ्या स्पर्धेतून धाकटी पहिल्याच दिवशी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी ती न कळवता घरी आली आणि टेबलाशी बसून म्हणाली, "माझं कुठं चुकलं, ते सांग." त्यानं पत्ते मांडून ती हरली तो डाव पहिल्यापासून उलगडून दाखवला. किती दिवसांनी त्याची जीभ सुटली होती. चहा निवून गेला, तरी तो बोलतच होता.

धाकटीनं मधेच विचारलं, "मी हरले, तेव्हा तुला बरं वाटलं ना रे?"

त्यानं हातातले पत्ते खाली ठेवले. "हो," म्हणाला. "खूप."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नाक पुसून तिनं पत्ते गोळा केले, पिसले आणि दोघांना दोन-दोन वाटले. वहिनीनं चहा पुन्हा गरम करायला ठेवला.