क्यूब, पाणी आणि तोंडी परीक्षा

सिव्हिल इंजिनिअरिंगची चार वर्षं म्हणजे डोक्यात साठलेला राडारोडाच! सावेडीत आम्ही तिघं-चौघं चहाला भेटलो की एकानं एक किस्सा काढायचा अवकाश, सगळे सुरू होतात. हसत हसत बसतो आणि मध्येच कुणाचा तरी चहा तसाच गार होतो.

*

दुसऱ्या वर्षी काँक्रीटचं प्रॅक्टिकल. आम्ही ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मशिनमध्ये दाबले. आमचा क्यूब हवा त्याच्या निम्म्या जोरालाच फुटला! मी खरा आकडा लिहायला लागलो, तर लॅबचे मामा म्हणाले, "अरे, मागच्या बॅचचं जर्नल घे की. रीडिंग घ्यायचं नसतं बाळा, लिहायचं असतं!"

सगळे हसले. मीही हसलो आणि मागच्या बॅचचा आकडा उतरवला.

वर्षभरानं आमच्या एका सीनियरच्या साइटवर गॅलरी कोसळली. खाली वाळू चाळणारी बाई होती. बातमी मामांनीच आम्हाला वाचून दाखवली. मग कपाटातली सगळी जुनी जर्नलं काढून त्यांनी रद्दीच्या पोत्यात भरली.

*

तिसऱ्या वर्षी पाथर्डीकडच्या एका गावात सर्व्हे कॅम्प होता. ग्रुप लीडर काष्टीची वैशाली. आम्ही कच्चा रस्ता मोजत होतो. एक म्हातारबाबा बांधावर बसून बघत होते.

"तिसऱ्यांदा मोजताय. मोजून मोजून झिजला रस्ता!"

"बाबा, आम्ही कॉलेजचे. शिकायला आलोय."

"म्हंजे व्हनार न्हाई?"

"नाही."

"बरं झालं खरं सांगितलं." ते उठले, पन्नास पावलं चालत गेले आणि काठी टेकवली. "बाळंतपणाला सून बाजंवर नेत हुतो. हितं गेली. हे बी लिवा."

वैशालीनं फील्ड बुकच्या शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच लिहिलं. कॅम्प संपल्यावर सरांनी वही तपासली. त्या ओळीवर थांबले, काही खोडलं नाही, खाली सही केली.

*

मग पर्यावरणाची लॅब. सर म्हणाले, "प्रत्येकानं घरचं पिण्याचं पाणी आणा." वैशालीनं घरच्या बोअरचं आणलं. त्यात नायट्रेट निघालं मर्यादेच्या दुपटीवर!

"शेतातलं खत खाली झिरपतं," सर म्हणाले. "मोठ्यांना लगेच कळत नाही. तान्हं बाळ मात्र निळं पडू शकतं."

वैशाली तशीच व्हरांड्यात गेली. तिची ताई माहेरी आलेली होती, बाळाला वरचं दूध चालू होतं. मी मागोमाग गेलो. फोन स्पीकरवर होता.

"आई, बाळाच्या दुधात बोअरचं पाणी घालू नको."

"उकळून घालते की गं!"

"उकळून जात नाही ते. वाढतं उलट."

"मग कोणतं घालू?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकलेले आम्ही दोघं, आणि आईला सांगायला काही नाही!

शेवटी तिच्या वडिलांनी शुद्ध पाण्याचा जार सुरू केला. बाळ चांगलं आहे. शेजारी दोन घरांत लहान मुलं आहेत, त्या घरच्यांना तिनं तो रिपोर्ट नेऊन दाखवला. "आम्ही सगळे ह्याच पान्यावर वाढलो," ते म्हणाले.

*

चौथ्या वर्षी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका प्रकल्पाची व्हिजिट होती. टाकीत हवा सोडणारी यंत्रं ढिम्म, पाणी काळंकुट्ट, आणि बाजूच्या नळातून तेच पाणी थेट ओढ्यात.

सरांनी ऑपरेटरला विचारलं, "यंत्रं बंद का?"

तो बिचारा खरंच गोंधळला. "व्हिजिट अकराची होती ना सर? तुमी साडेदहालाच आलात!"

ओढ्याच्या खालच्या अंगाला बायका धुणं धूत होत्या.

*

शेवटची तोंडी परीक्षा. दोघादोघांना आत घेत होते. माझ्याबरोबर सुनील होता, वर्गात फारसं न बोलणारा. बाहेरून आलेले परीक्षक मिश्कील होते.

"मॅनहोलमध्ये माणूस बेशुद्ध पडलाय. वर तुम्ही आहात. पहिलं काय कराल?"

"आत उतरणार नाही सर," सुनील म्हणाला. "आत विषारी गॅस असतो. उतरणाराही पडतो. आधी मदत बोलवायची, वरून हवा सोडायची."

"पाठांतर छान आहे! पण समजा, खाली तुमचाच माणूस आहे. हाका मारताय, ओ देत नाही. तरी नाही उतरणार?"

"न्हाई उतरलो सर."

"उतरणार नाही, असं म्हणा."

"न्हाई सर. उतरलो न्हाई. अकरावीत हुतो. विहिरीत डिझेल इंजिन चालू हुतं, धूर कोंडला हुता. वडील खाली गेले. ते येईनात म्हनून चुलते उतरले. मग आईनं माझ्या कमरेला मिठी मारली."

परीक्षकांनी पेनचं टोपण लावलं. परत काढलं. समोरचा पाण्याचा ग्लास सुनीलकडे सरकवला. मला त्यांनी काहीच विचारलं नाही.

आम्ही बाहेर आलो तशी पोरं धावत आली.

"काय विचारलं रे? अवघड होतं?"

सुनील म्हणाला, "न्हाई. सोप्पं हुतं."