बापाच्या कारखान्यातला कायदा

दत्ताचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत एका मोठ्या टाकीच्या सावलीला डबा उघडून बसलो होतो. दत्ता शेळगावचा, आयटीआयला माझ्या बाकावर बसायचा. त्याचा मेसेज म्हणजे क्रिकेट नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण, म्हणून मी खाता खाताच फोन कानाला लावला. "वाघमोडे मॅडम गेल्या रे... सकाळी झटका आला, बारामतीला नेईस्तोवर..." पुढं नुसता वारा ऐकू येत होता, गाडीवर बसूनच बोलला असणार. मी मेसेज पुन्हा लावला. मग परत. घास तोंडात तसाच. इथं गुजरातेत समुद्राकाठच्या या जहाजांच्या यार्डात सुट्टी मागायची तर नातं सांगावं लागतं, आई, बाप, भाऊ, बहीण. मी जाऊन सुपरवायझरला म्हणालो, आमच्या आयटीआयच्या मॅडम वारल्या. तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "मॅडम? अरे भाई, मॅडम के लिए कौन छुट्टी लेता है!" खरं होतं त्याचं. मॅडम माझ्या कुणी लागत नव्हत्या.

तेव्हापासून जीव एका जागी बसत नाही. वेल्डिंगला बसलो की हात थांबतो, हात चालू लागला की डोकं भलतीकडं जातं. दत्ताच म्हणाला, "पेपरच्या पुरवणीत लोक आठवणी लिहित्यात, तू लिही की. आपल्यात तूच बोलका." बोलण्यात अन् लिहिण्यात किती अंतर असतं ते आता कळतंय. मी नववीतनं शाळा सोडलेला माणूस, इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं घर अंथुर्ण्याचं. थोडा ऊस, थोडी ढोबळी मिरची. शाळा सुटली ती काही परिस्थितीनं नाही. मला वर्गात बसवायचंच नाही, गणिताच्या सरांचा आवाज आला की पळून जावंसं वाटायचं. शेवटी तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आठवी पास हाय न्हवं? वेल्डरला घेत्यात. जा." असा मी इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या एका आयटीआयमध्ये पोचलो. तिथं वेल्डिंगचे सर वेगळे होते. वाघमोडे मॅडमकडं नोकरीला लागताना कसं बोलावं, अर्ज कसा करावा असला विषय होता. पोरं त्याला टाइमपासचा तास म्हणायची. मॅडम सांगवीहून स्कूटीवर यायच्या, डोक्याला हेल्मेट. आमच्याकडच्या रस्त्याला हेल्मेट घातलेली बाई म्हणजे पोरांना आयताच विषय. "आली बघ अंतराळवीर," कुणीतरी म्हणालं अन् मॅडमनी ते ऐकलं. हेल्मेट काढत काढत म्हणाल्या, "अंतराळातनं माणसं परत येतात, बाळा. या रस्त्यावरनं सगळी येत नाहीत."

पुस्तकात मागं एक धडा होता, कामाच्या जागी आरोग्य अन् सुरक्षितता. बाकी ठिकाणी तो "घरी वाचा" म्हणून सोडतात असं ऐकलंय. मॅडम तिथं येऊन मुक्कामच ठोकायच्या. शिकाऊ पोरगा म्हणजे कायद्याच्या बाहेरचा नाही. धोका काय आहे हे विचारायचा हक्क आहे, हातमोजे, चष्मा, बूट कामावर ठेवणाऱ्यानं द्यायचे आहेत, जिवाला धोका वाटला तर वरच्याला थांबवून सांगायचं आहे... एवढ्या पोटतिडकीनं सांगायच्या की आम्हाला वाटायचं, यांच्या घरात काहीतरी झालेलं असणार. एकदा मी विचारलं. म्हणाल्या, "काही झालेलं नाही. अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकवते." बस्स, एवढंच. मला अजून ते पुरत नाही, पण दुसरं काही सापडतही नाही.

नुसतं सांगून त्या थांबत नव्हत्या. वर्कशॉपमधली पिवळी टोपी घालून स्वतः फोरमन व्हायच्या अन् आमच्यावर ओरडायच्या. आम्ही नीट, नम्रपणे उत्तर द्यायचं. एकदा दत्तावर खेकसल्या, "ए, आत उतर! काय बघतोस? तुझ्या बापाचा कारखाना आहे का?" दत्ता शांतपणे उभा राहिला. "व्हय मॅडम. शेअर हाय आमचा." सगळा वर्ग फुटला. मॅडमही हसल्या, टोपी डोळ्यांवर आली. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "इथंच आपली चूक होते बघा. परक्याच्या कंपनीत माणूस दहा प्रश्न विचारतो. आपल्या कारखान्यात विचारत नाही. चेअरमन ओळखीचा, फोरमन भावकीतला, बापाचा शेअर... घरात कुणी हेल्मेट घालतं का? पण टाकीला कुठं माहीत असतं, तू कुणाचा कोण."

त्याच वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी आम्हाला एका सहकारी साखर कारखान्यात दुरुस्तीच्या कामावर धाडलं. बॉयलर पेटवायचा मुहूर्त काढलेला, मांडव पडलेला, पूजेला बसणारं जोडपं ठरलेलं. अन् मळीच्या टाकीला आतनं एक ठिगळ मारायचं राहिलेलं. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. टाकी रिकामी दिसली तरी तळाशी राहिलेली मळी आंबते अन् आतली हवा माणसाला पुरत नाही, हे मॅडमनी सांगितलेलं. फोरमन रासकर लांबच्या नात्यानं आईचे भाऊ लागायचे. म्हणाले, "भाच्या, पटकन आत जाऊन ये. पाच मिनटाचं काम हाय." मी शिडीला हात घातला आणि थांबलो.

"मामा, आतली हवा तपासली का?"

"काय तपासली?"

"हवा... मी न्हाय म्हणत न्हाय मामा. हवा बघा, आत वारं सोडणारा पंखा लावा, लगेच उतरतो."

हे वाक्य मॅडमनी आमच्याकडनं घोटून घेतलेलं. रासकरमामा आधी हसले, मग त्यांचे कान लाल झाले. "हलगीवाला येऊन बसलाय, भटजी घड्याळ बघतोय, अन् तू मला कायदा सांगतो व्हय? सांगू का तुझ्या बापाला?" मी "सांगा" म्हणालो अन् शिडीपासून बाजूला झालो. मग दुसराच एक कंत्राटी वेल्डर आत उतरला, ठिगळ मारून, तोंड पुसत वर आला. त्याला काही झालं नाही. बॉयलर मुहूर्तावर पेटला. मी गेटबाहेर उभा राहून हलगी ऐकली.

दुसऱ्या दिवशी तात्या मला गाडीवर मागं बसवून थेट आयटीआयात. "मॅडम, तुमी पोरांना वेल्डिंग शिकवताय का वाद घालायला? मेव्हण्यापुढं मान खाली गेली माझी."

"बसा तात्या. चहा घ्या."

"चहा नगं. कारखाना आमचा हाय. आमच्या कारखान्यात आमचंच पोरगं न्हाय म्हणतं, ही कुठली रीत?"

"तुमचाच आहे ना?" मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मग मालक म्हणून एकदा विचारून या, आत पंखा का लावला नव्हता."

 तात्यांनी खुर्ची ओढली, चहा बशीत ओतला अन् सगळा प्यायले.  पुढं कारखान्यात जाऊन विचारलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. आजतागायत नाही.

मला नाव पडलं, हवामान खातं. गावात पारावर बसलेली पोरं मी दिसलो की विचारायची, "काय राव, आज आत जायचं का? हवा कशी हाय?" मला लाज वाटायची. त्या वेल्डरला काहीच झालं नव्हतं, म्हणजे मी उगाच भ्यालो, असंच सगळ्यांना वाटत होतं आणि मलाही. शेवटी मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो. "मॅडम, काहीच झालं न्हाय की." त्या पेपर तपासत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "मग बरंच झालं की. तू काय, व्हावं म्हणून बोलला होतास?"

पुढं कारखान्यानं दत्ताला घेतलं, आणखी दोघातिघांना घेतलं. मला बोलावणं आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, पण अंथुर्ण्यात असलं कारण सांगावं लागत नाही. आमच्या प्राचार्यांनीही मॅडमना बोलावून समजावलं म्हणे, धडा घ्या, पण प्रश्नोत्तरं लिहून द्या अन् पुढं सरका, पोरांच्या जागा जातात. मॅडम पुढं सरकल्या नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावायला सुरुवात केली. माझ्यासमोर बसून लावले. त्यातला एक या यार्डात होता. पगार काय, हे विचारायच्या आधी त्याला विचारलं, "बूट देतात का रे? आणि टाकीत उतरायच्या आधी हवा बघतात का?" तो म्हणाला, बघायला पाहिजे असं लिहिलंय तरी. मॅडम म्हणाल्या, "लिहिलंय ना, मग मागता येतं." असा मी हितं आलो. आई एसटी स्टँडवर रडली. तात्यांनी बॅग वर चढवून दिली.

मॅडमची शेवटची भेट गेल्या दिवाळीतली, सांगवीला, त्यांच्या घरी. दारात पोत्यावर बसून त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या, संध्याकाळी माल बारामतीला जायचा होता. मीही बसलो बांधायला. यार्डातलं विचारलं, जेवणाचं विचारलं, डोळ्यांचं विचारलं. मग एकदम म्हणाल्या, "तुला मी गाव सोडायला लावलं का रे?"

"न्हाय मॅडम. पगार बरा हाय."

"पगाराचं नाही विचारलं."

मी जुडी बांधत राहिलो. मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मुकाट टाकीत उतरलो असतो तर आज घरी असतो, आईच्या हातची भाकरी खात, दत्ताबरोबर कारखान्यात. आणि उतरून वर आलोच नसतो तर... ते कुणाला सांगता येतंय? दोन्ही खरं वाटतं. मॅडम गेल्यापासून मी तो प्रश्न इतक्या वेळा उलटापालटा केलाय, उत्तर एका बाजूला टिकतच नाही. आभार मानायला बसतो अन् घर आठवतं. घर आठवून रडू येतं, तर आधी आभारच तोंडाला येतात.

परवा आमच्या यार्डात नवी शिकाऊ पोरं आली, ओडिशाची, झारखंडची. मला त्यांच्यावर नेमलं. सुपरवायझर आला, टाकी दाखवली, म्हणाला, उतरव यांना, जेवणाआधी जोड पुरा पाहिजे. गॅस बघायचं मीटर दुसऱ्या कामावर गेलं होतं. पोरं माझ्याकडं बघत होती. माझी नोकरी ठेकेदाराच्या हातात, त्याला आवडलं नाही तर उद्याचा गेटपास निघत नाही, इतकं सोपं असतं हितं. तरी म्हणालो, "साहब, मना नहीं करता. मीटर आने दो, फिर उतारता हूँ." त्यानं घड्याळ बघितलं. "कल सुबह ठेकेदार से मिल," म्हणाला अन् मीटर आणायला माणूस धाडला.

आता मॅडमची एक सवय सांगतो. तास संपला की त्या "समजलं का" असं कधीच विचारायच्या नाहीत. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दारात उभ्या राहायच्या अन् प्रत्येकानं एक प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर सोडायच्या नाहीत. कसलाही चालायचा. हेल्मेटनं टक्कल पडतं का, इथपर्यंत. ज्याचं उत्तर येत नसेल तिथं सरळ सांगायच्या, माहीत नाही. अन् थांबून राहायच्या, घंटा झाली तरी.

मीटर येईस्तोवर मी शिडीच्या पुढ्यात उभा राहिलो आणि पोरांना म्हणालो, एकेक जण काहीतरी विचारा, त्याशिवाय कुणी शिडीला हात लावायचा नाही. ती एकमेकांकडं बघून हसली. मी थांबलो. एकानं विचारलं, खराब हवा दिसते का? म्हणालो, नाही दिसत. वास तरी येतो का? नेहमी नाही. मग कोपऱ्यातला एक बारका, आल्यापासून गप्प असलेला, म्हणाला, "भैया, कल आपको निकाल दिया तो?"



"मालूम नहीं," मी म्हणालो, आणि पुढच्याकडं वळलो. "अब तू पूछ."